नॉकआउट उंदीर आणि युबिक्विटिन लायगेज

ज्या प्रयोगशालेय उंदराच्या जनुकसंचातील एखादे विशिष्ट जनुक हेतुपुरस्सर निकामी केलेले असते, त्या उंदरास नॉकआउट उंदीर असे म्हणतात. निकामी केलेल्या जनुकापासून बनणारे प्रथिन त्या उंदराच्या शरीरात तयार होत नाही. प्रथिनाच्या अभावी कोणते कार्य बिघडते याचे निरीक्षण करून त्या प्रथिनाचे मूळ कार्य काय असावे, याचे अनुमान करता येते. पेशीतील इतर प्रथिनांचे आयुर्मान ठरविणाऱ्या युबिक्विटिन लायगेज या विकरांच्या अभ्यासात या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. कर्करोग, अँजेलमन सिंड्रोम, पार्किन्सन विकार आणि काही दाहजन्य रोग यांच्याशी या विकरांचा संबंध अशाच उंदरांच्या साहाय्याने तपासण्यात आला. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई परिसरातील संशोधन संस्थांमध्ये या विषयाशी निगडित संशोधन चालते.

संज्ञा

'नॉकआउट' हा शब्द मुष्टियुद्धातून आलेला आहे. ठोसा बसून स्पर्धक जमिनीवर पडला आणि ठरावीक वेळेत उठू शकला नाही, तर तो नॉकआउट झाला असे मानतात. जनुकाच्या बाबतीतही हाच अर्थ अभिप्रेत आहे : जनुक आपल्या जागी असते, परंतु ते कामाला उभे राहू शकत नाही. मराठीत अशा प्राण्यास 'जनुक-निष्क्रिय उंदीर' असे म्हणता येईल. मराठीत 'उंदीर' हा शब्द एकाहून अधिक जातींसाठी वापरला जातो. प्रस्तुत लेखात तो मस मस्क्युलस या लहान जातीच्या, प्रयोगशाळेत वाढविलेल्या उंदरासाठी योजला आहे.

नॉकआउटपासून आणखी दोन संज्ञा वेगळ्या ओळखाव्या लागतात. जनुक पूर्णपणे बंद न करता त्याचे कार्य केवळ कमी केले, तर त्यास 'नॉकडाउन' म्हणतात. जनुकाच्या जागी त्याचेच थोडे बदललेले रूप बसविले, तर त्यास 'नॉकइन' म्हणतात. विकराच्या अभ्यासात हा भेद निर्णायक ठरतो, याचे उदाहरण पुढे आले आहे.

पार्श्वभूमी : प्रथिनांची विल्हेवाट

पेशीत प्रथिने सतत तयार होत असतात आणि सतत मोडलीही जात असतात. काही प्रथिने कित्येक दिवस टिकतात, तर काहींचे आयुष्य अवघ्या काही मिनिटांचे असते. एखादे प्रथिन किती काळ टिकावे हे पेशी ठरविते आणि त्यासाठी युबिक्विटिन नावाच्या एका लहान प्रथिनाचा उपयोग करते. युबिक्विटिन ७६ अमिनो आम्लांचे बनलेले असते. जे प्रथिन मोडायचे आहे, त्याच्यावर युबिक्विटिनच्या अनेक कड्यांची साखळी चिकटविली जाते. ही साखळी पाहून प्रोटिअसोम नावाची पिंपासारखी रचना त्या प्रथिनाला आत ओढून घेते व त्याचे तुकडे करते. युबिक्विटिनचे रेणू मात्र सुटे होऊन पुन्हा वापरले जातात.

जुनी झाडे तोडण्यापूर्वी वनरक्षक त्यांच्यावर खुणेचा पट्टा मारतो आणि तोडणारा मजूर केवळ पट्टा असलेलेच झाड तोडतो. पेशीतील व्यवस्था साधारण अशीच आहे. तोडणारा एकच असला तरी पट्टा कोणत्या झाडावर मारायचा हा निर्णय महत्त्वाचा असतो.

हा निर्णय तीन प्रकारच्या विकरांच्या साखळीतून घेतला जातो. ई१ विकर ऊर्जा खर्च करून युबिक्विटिनला सक्रिय करते. ई२ विकर ते वाहून नेते. ई३ विकर, म्हणजेच युबिक्विटिन लायगेज, लक्ष्य प्रथिन ओळखून त्यावर युबिक्विटिन जोडले जाईल अशी व्यवस्था करते. मानवात ई१ विकरे मोजकीच आहेत. ई३ विकरांची संख्या मात्र सहाशेहून अधिक मानली जाते, कारण प्रत्येक ई३ ठरावीक प्रथिनांनाच ओळखते. याच्या उलट काम करणारी, म्हणजे जोडलेले युबिक्विटिन काढून टाकणारी सुमारे शंभर विकरेही मानवी पेशींत आहेत.

या यंत्रणेच्या शोधाबद्दल ॲरन चिकॅनोव्हर, अव्हराम हर्श्को आणि आयर्विन रोझ यांना २००४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बोर्टेझोमिब हे प्रोटिअसोमला रोखणारे औषध २००३ साली मल्टिपल मायलोमा या रक्तपेशींच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्य झाले. परंतु प्रोटिअसोम रोखल्यास सर्वच प्रथिनांची विल्हेवाट अडते. एकाच प्रथिनाचा प्रश्न सोडवायचा असेल, तर त्या प्रथिनाला ओळखणाऱ्या ई३ विकरापर्यंत पोहोचावे लागते. ते विकर बंद केल्यास संपूर्ण शरीराचे काय होईल, हे केवळ परीक्षानळीत किंवा पेशीसंवर्धनात कळत नाही. नॉकआउट उंदराची गरज येथे निर्माण होते.

उंदराचीच निवड का

उंदीर हा सस्तन प्राणी असून त्याचे अवयव, रोगप्रतिकारशक्ती आणि भ्रूणविकास यांची मूलभूत मांडणी मानवाशी मिळतीजुळती आहे. उंदराच्या जनुकसंचाचा आराखडा २००२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या सुमारे ९९ टक्के जनुकांना मानवात समकक्ष जनुके आढळली. उंदराचा गर्भकाळ साधारण १९ ते २१ दिवसांचा असतो आणि पिल्लू सहा ते आठ आठवड्यांत प्रजननक्षम होते. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांचा अभ्यास एका वर्षात पूर्ण होऊ शकतो. पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात संकर करून वाढविलेल्या वाणांतील उंदीर जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे असतात. म्हणून दोन गटांत दिसणारा फरक निकामी केलेल्या जनुकामुळेच पडला असे अधिक विश्वासाने म्हणता येते.

निर्मितीची पद्धत

पारंपरिक पद्धत

१९८१ साली मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी उंदराच्या भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या करून त्यांचे संवर्धन केले. मारिओ कापेची आणि ऑलिव्हर स्मिथीज यांनी समजात पुनःसंयोजनाच्या साहाय्याने पेशीतील नेमके जनुक बदलण्याची पद्धत विकसित केली. या दोन्ही गोष्टींच्या संयोगातून १९८९ च्या सुमारास नॉकआउट उंदीर जन्माला आले. इव्हान्स, कापेची आणि स्मिथीज यांना २००७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या पद्धतीचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत. प्रथम निकामी करावयाच्या जनुकाची एक बिघडविलेली प्रत तयार करून ती मूलपेशींत सोडतात. फार थोड्या पेशींत ही प्रत मूळ जनुकाची जागा घेते. अशा पेशी निवडून त्या दुसऱ्या उंदराच्या कोवळ्या भ्रूणात टोचतात आणि तो भ्रूण दाई मादीच्या गर्भाशयात ठेवतात. जन्मणाऱ्या पिल्लाच्या शरीरात दोन्ही स्रोतांच्या पेशी मिसळलेल्या असतात. अशा पिल्लास कायमेरा म्हणतात. मूलपेशी तपकिरी वाणाच्या आणि भ्रूण काळ्या वाणाचा असेल, तर कायमेराच्या अंगावर दोन्ही रंगांचे पट्टे उमटतात व प्रयोग कितपत साधला हे नजरेनेच कळते. कायमेराच्या बीजपेशींत बदललेले जनुक उतरले असल्यास पुढच्या पिढीत एक प्रत चांगली व एक निकामी असलेले संमिश्र उंदीर मिळतात. अशा दोन उंदरांचा संकर केल्यावर मेंडेलच्या नियमानुसार चारांपैकी सरासरी एका पिल्लात दोन्ही प्रती निकामी असतात. तेच खरे नॉकआउट उंदीर होत.

सशर्त नॉकआउट

काही जनुके भ्रूणविकासासाठी इतकी अत्यावश्यक असतात की, त्यांच्याविना पिल्लू जन्मालाच येत नाही. प्रौढ शरीरातील त्यांचे कार्य पाहण्यासाठी क्रे-लॉक्स ही युक्ती वापरली जाते. लॉक्स-पी हे डीएनएचे छोटे खुणेचे तुकडे जनुकाच्या दोन्ही बाजूंना बसवितात. जीवाणूंना ग्रासणाऱ्या पी१ विषाणूतील क्रे हे विकर या खुणा ओळखून मधला भाग कापून टाकते. क्रे विकर केवळ यकृतात तयार होईल अशी तजवीज केली, तर जनुक केवळ यकृतात निकामी होते. एखादे औषध दिल्यावरच क्रे कार्यरत होईल अशी योजना केली, तर जनुक कधी बंद करायचे हेही संशोधकाच्या हाती राहते.

क्रिस्पर

२०१३ सालापासून क्रिस्पर-कॅस९ या जनुकसंपादन तंत्राने फलित अंड्यातच जनुक निकामी करणे शक्य झाले आहे. पूर्वी ज्या कामाला वर्ष-दीड वर्ष लागे ते आता काही महिन्यांत होऊ शकते. हे तंत्र विकसित केल्याबद्दल एमान्युएल शार्पान्तिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र क्रिस्परचे पाते कधी कधी अनपेक्षित जागीही चालते. म्हणून मिळालेल्या उंदराची पुढे अनेक पिढ्या पडताळणी करावी लागते.

पडताळणी

कोणत्याही पद्धतीने उंदीर तयार केला तरी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. डीएनए तपासून जनुकात अपेक्षित बदल झाल्याचे दाखवावे लागते, आणि ऊतींची तपासणी करून ते प्रथिन खरोखर नाहीसे झाल्याचेही दाखवावे लागते. तुलनेसाठी शक्यतो त्याच विणीतील निरोगी भावंडे घेतात, कारण त्यांची आई, पिंजरा, खाद्य आणि वय हे सर्व समान असते.

एमडीएम२ आणि पी५३ : एक निर्णायक उदाहरण

पी५३ हे प्रथिन १९७९ साली आढळले. पेशीतील डीएनए बिघडल्यास पी५३ पेशीचे विभाजन थांबविते किंवा तिला आत्मनाशास प्रवृत्त करते. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत या प्रथिनाचे जनुक बिघडलेले आढळते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पी५३ नसलेले नॉकआउट उंदीर जन्मतः बहुतांशी निरोगी दिसले. परंतु त्यांपैकी बहुसंख्य उंदरांना सहा महिन्यांच्या आतच अर्बुदे झाली. पी५३ कर्करोगापासून राखण करते याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता.

राखणदार आवश्यक असला तरी तो विनाकारण सक्रिय राहिल्यास निरोगी पेशींचाच घात होतो. म्हणून निरोगी पेशीत पी५३ ची पातळी सतत खाली ठेवली जाते आणि हे काम मुख्यत्वे एमडीएम२ हे ई३ लायगेज करते. या विकराचे नावच उंदरावरून पडले आहे. उंदराच्या एका अर्बुदकारक पेशीवाणात गुणसूत्रांबाहेर जोडीजोडीने तरंगणारे डीएनएचे सूक्ष्म तुकडे आढळले होते. त्यांना 'डबल मिनिट' म्हणतात, आणि 'माउस डबल मिनिट २' या नावाचे एमडीएम२ हे संक्षिप्त रूप आहे. एमडीएम२ पी५३ ला चिकटते हे १९९२ साली कळले. ते पी५३ वर युबिक्विटिन चढविते आणि त्याला मोडावयास लावते, हे १९९७ साली स्पष्ट झाले.

त्यापूर्वी, १९९५ मध्ये, अमेरिकेतील दोन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे एमडीएम२ निकामी केलेले उंदीर तयार करण्याचा प्रयत्न केला. संमिश्र उंदरांच्या संकरातून चारांत एक या प्रमाणात नॉकआउट पिल्ले मिळायला हवी होती, परंतु तसे एकही पिल्लू जन्माला आले नाही. भ्रूण गर्भाशयात रुजण्याच्या सुमारासच नष्ट होत होते. एमडीएम२ च्या अभावी जीव मरतो एवढेच यातून सिद्ध झाले. तो का मरतो हे मात्र कळत नव्हते. यानंतर संशोधकांनी एमडीएम२ आणि पी५३ अशी दोन्ही जनुके निकामी असलेले उंदीर संकरातून मिळविले. ही दुहेरी नॉकआउट पिल्ले जिवंत जन्मली आणि वाढली. म्हणजेच भ्रूणाचा मृत्यू एमडीएम२ च्या अभावामुळे बेलगाम झालेल्या पी५३ मुळे होत होता. एका विकराचे शरीरातील प्रमुख काम दोन जनुकांच्या वजाबाकीने इतक्या स्वच्छपणे उलगडल्याची उदाहरणे थोडी आहेत.

तथापि एक प्रश्न शिल्लक राहिला. एमडीएम२ पी५३ ला नुसते चिकटून निष्प्रभ करते, की त्याला मोडावयास लावते? संपूर्ण प्रथिन काढून टाकल्यावर दोन्ही कार्ये एकदमच जातात, त्यामुळे साधा नॉकआउट उंदीर याचे उत्तर देऊ शकत नाही. यासाठी नॉकइन उंदीर तयार करण्यात आले. २००७ साली एमडीएम२ च्या सक्रिय भागातील एक अमिनो आम्ल बदललेले उंदीर अभ्यासले गेले व तेही भ्रूणावस्थेतच मरण पावले. त्यावरून लायगेज क्रिया अपरिहार्य असल्याचे मानले गेले. २०१४ साली मात्र वेगळ्या ठिकाणी बदल केलेल्या उंदरांनी हे चित्र सुधारले. त्यांच्यात लायगेज क्रिया नव्हती, परंतु एमडीएमएक्स या भगिनी प्रथिनाशी जोडी जमविण्याची क्षमता शाबूत होती. हे उंदीर जन्मले व वाढले, पण डीएनएला इजा झाल्यावर ते निरोगी उंदरांप्रमाणे तग धरू शकले नाहीत. भ्रूणविकासात जोडी पुरेशी असते आणि संकटातून सावरताना लायगेज क्रिया अत्यावश्यक ठरते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

या संशोधनाचा औषधांशी थेट संबंध आहे. लायपोसार्कोमा या मेदऊतींच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत एमडीएम२ जनुकाच्या प्रती प्रमाणाबाहेर वाढलेल्या असतात आणि निरोगी पी५३ देखील दडपले जाते. अशा रुग्णांत एमडीएम२ ला रोखून पी५३ मुक्त करता येईल, या कल्पनेतून २००४ साली नटलिन या रेणूंचा गट पुढे आला. परंतु प्रौढ शरीरात एमडीएम२ पूर्ण बंद झाल्यास काय होईल? २००६ साली, बाहेरून चालू-बंद करता येणारे पी५३ असलेल्या उंदरांत हे तपासण्यात आले. एमडीएम२ नसताना पी५३ चालू करताच अस्थिमज्जा व आतड्याचे अस्तर यांसारख्या ऊतींचा वेगाने नाश झाला आणि उंदीर दगावले. पुढे एमडीएम२ रोखणाऱ्या औषधांच्या मानवी चाचण्यांत रक्तातील बिंबिका कमी होणे व पचनसंस्थेचे त्रास हेच मुख्य दुष्परिणाम दिसले. उंदरांनी दिलेला इशारा रुग्णांच्या बाबतीत खरा ठरला. आता औषधाची मात्रा आणि दोन मात्रांमधील अंतर अशा रीतीने ठरविण्याचे प्रयत्न होतात की, अर्बुदावर आघात व्हावा परंतु अस्थिमज्जेला सावरायला अवधी मिळावा.

पुण्यातील संशोधन : एफबीएक्सओ३१

एमडीएम२ इतर प्रथिनांची विल्हेवाट लावते, तर एमडीएम२ ची विल्हेवाट कोण लावते? या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग पुण्यात मिळाला. गणेशखिंड येथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात मानस कुमार संत्रा यांचा गट एफ-बॉक्स प्रथिनांचा अभ्यास करतो. एफ-बॉक्स प्रथिने ही एससीएफ नावाच्या बहुघटकी ई३ लायगेजचा लक्ष्य ओळखणारा भाग असतात.

संत्रा यांनी २००९ साली अमेरिकेतील मायकेल ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत केलेल्या कामातून दिसून आले होते की, डीएनएला इजा झाल्यावर एफबीएक्सओ३१ हे प्रथिन वाढते आणि सायक्लिन डी१ ला मोडावयास लावून पेशीविभाजन थांबविते. २०१५ साली पुणे येथील गटाने ग्रीन यांच्या सहकार्याने प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याच एफबीएक्सओ३१ चे दुसरे लक्ष्य एमडीएम२ असल्याचे दाखविले. डीएनएला इजा होताच एटीएम हे विकर एमडीएम२ वर फॉस्फेटची खूण करते. एफबीएक्सओ३१ ती खूण ओळखते आणि एमडीएम२ वर युबिक्विटिन चढते. एमडीएम२ मोडले गेल्याने पी५३ ची पातळी वाढते व पेशीचे विभाजन थांबते. अशा रीतीने एका लायगेजवर दुसऱ्या लायगेजचा अंकुश असल्याचे सिद्ध झाले.

इतर विकारांतील उपयोग

अँजेलमन सिंड्रोम

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ हॅरी अँजेलमन यांनी १९६५ साली या विकाराचे वर्णन केले. बालकाच्या बोलण्याचा विकास होत नाही, तोल जातो, झटके येतात आणि बौद्धिक वाढ खुंटते. या विकाराचे कारण युबीई३ए या ई३ लायगेजच्या जनुकात असल्याचे १९९७ साली कळले. चेतापेशींत या जनुकाची केवळ आईकडून आलेली प्रत कार्यरत असते व वडिलांकडून आलेली प्रत मूक असते. त्यामुळे आईकडील प्रत बिघडल्यास दुसरी प्रत हजर असूनही उपयोगी पडत नाही. १९९८ साली तयार केलेल्या उंदरांत आईकडील प्रत निकामी केल्यावर तोल व शिकण्याची क्षमता यांत दोष दिसून आला.

पालकांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असा की, दोष एकदा निर्माण झाल्यावर तो भरून निघू शकतो का. २०१५ साली नेदरलँड्समधील गटाने वेगवेगळ्या वयांत युबीई३ए पुन्हा चालू करता येईल असे उंदीर वापरले. पौगंडावस्थेत जनुक चालू केल्यास हालचालींतील दोष सुधारला. परंतु चिंता व पुनरावृत्त वर्तन यांसारखी लक्षणे फार लहान वयात उपचार झाले तरच टळली. त्याच वर्षी वडिलांकडील मूक प्रत जागी करणाऱ्या प्रतिअर्थी रेणूंचा उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. या तत्त्वावरील औषधांच्या मानवी चाचण्या पुढे सुरू झाल्या. लवकर निदान होणे किती मोलाचे आहे, हे या उंदरांमुळे ठामपणे सांगता येऊ लागले.

पार्किन्सन विकार

तरुण वयात होणाऱ्या पार्किन्सन विकाराच्या काही कुटुंबांत पार्किन हे जनुक बिघडलेले असल्याचे १९९८ साली जपानी संशोधकांनी दाखविले. पार्किन हे ई३ लायगेज असल्याचे २००० साली समजले. निकामी झालेल्या तंतुकणिका हुडकून त्यांची विल्हेवाट लावण्यात ते भाग घेते. परंतु पार्किन नॉकआउट उंदरांत डोपामिन बनविणाऱ्या चेतापेशींचा ऱ्हास दिसला नाही. मानवात रोग करणारा दोष उंदरात जवळजवळ निरुपद्रवी ठरला. २०१५ साली तंतुकणिकांच्या डीएनएत सतत चुका होत राहतील अशा उंदरांशी त्यांचा संकर केल्यावर मात्र हा ऱ्हास दिसून आला. उंदराच्या अल्प आयुष्यात तंतुकणिकांवर पुरेसा ताण साचत नसावा, असा तर्क यातून पुढे आला.

दाहजन्य विकार

ए२० हे विकर युबिक्विटिन जोडणे व काढणे अशी दोन्ही कामे करून दाहाला आवर घालते. ते नसलेले उंदीर तीव्र दाह व कृशता येऊन अल्पवयातच मरतात, हे २००० साली आढळले. सोळा वर्षांनी, २०१६ मध्ये, लहान वयात तोंडात व्रण, ताप आणि दाह होणाऱ्या काही कुटुंबांत याच जनुकाची एक प्रत निकामी असल्याचे निष्पन्न झाले. येथे उंदराचे निरीक्षण आधी आणि मानवी रोगाची ओळख नंतर, असा क्रम घडला.

मर्यादा

नॉकआउट उंदरावरून मानवाबद्दल निष्कर्ष काढताना काही मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. एखादे जनुक जन्मापासून नसल्यास दुसरे तत्सम जनुक त्याची उणीव भरून काढू शकते. त्यामुळे दोष दिसला नाही म्हणून जनुक निरुपयोगी आहे असे म्हणता येत नाही. एकाच जनुकाच्या अभावाचा परिणाम उंदराच्या वाणानुसार बदलू शकतो. औषध विकराची एक क्रिया रोखते, तर नॉकआउटमध्ये संपूर्ण प्रथिनच जाते. एमडीएम२ च्या नॉकइन उंदरांनी या दोहोंतील अंतर दाखवून दिले आहे.

जातीभेद ही सर्वांत मोठी मर्यादा होय. एचआयव्ही हा विषाणू आपल्या व्हिफ या प्रथिनाद्वारे मानवी पेशीतील कलिन५ या ई३ लायगेजला वश करून घेतो आणि एपोबेक३जी या संरक्षक प्रथिनाची विल्हेवाट लावतो. उंदराच्या एपोबेक३ वर मात्र एचआयव्हीचे व्हिफ प्रभावी ठरत नाही. शिवाय साध्या उंदराला एचआयव्हीचा संसर्ग होत नाही. म्हणून या रोगाच्या संशोधनात स्वतःची रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत मानवी रक्तपेशी रुजवून 'मानवीकृत' उंदीर वापरावे लागतात.

महाराष्ट्रातील संस्था

पिंपरी-चिंचवड परिसर वाहन उद्योगासाठी ओळखला जात असला, तरी औषधनिर्मिती व वैद्यकीय संशोधनाची परंपराही तेथे जुनी आहे. पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना पेनिसिलीनच्या उत्पादनासाठी उभारण्यात आला. पेनिसिलीनची रोगनिवारक शक्तीही प्रथम उंदरांतच दिसली होती. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्ड येथे जंतुसंसर्ग केलेल्या आठ उंदरांपैकी चारांना पेनिसिलीन देण्यात आले. औषध न मिळालेले चारही उंदीर दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत मेले होते. भोसरी औद्योगिक क्षेत्रात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ पासून कार्यरत असून आता तिचे नाव व कार्यक्षेत्र विस्तारून त्यात विषाणुविज्ञानाचा समावेश करण्यात आला आहे.

पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राची सुरुवात १९८६ साली प्राणी ऊती व पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून झाली. देशभरातील प्रयोगशाळांना पेशीवाण पुरविणारे भांडार तेथे आहे. पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत आरोग्य व रोगांतील जनुककार्याच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय सुविधा असून तेथे जनुकीय बदल केलेल्या उंदरांवर संशोधन करण्याची सोय आहे. मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या गटाने सर्ट१ या विकराचा अभ्यास केला आहे. हे विकर युबिक्विटिन जोडत नाही, तर प्रथिनांवरील ॲसिटिल गट काढून त्यांचे नियमन करते. उपास व आहार या दोन अवस्थांत यकृताचे काम कसे पालटते, हा या अभ्यासाचा विषय आहे. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन केंद्रात रोगप्रतिकारशक्तीचा अभाव असलेल्या उंदरांचे वाण सांभाळले जातात.

नियमन व नैतिक प्रश्न

भारतात प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये स्थापन केलेल्या केंद्रीय समितीकडून होते. १९९८ च्या नियमांनुसार प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेस नोंदणी करावी लागते आणि संस्थात्मक प्राणी नीतिसमितीची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. या समितीत केंद्रीय समितीने नेमलेले बाहेरील सदस्यही असतात. जनुकीय बदल केलेले प्राणी असल्याने पर्यावरण संरक्षण अधिनियमाखालील १९८९ चे नियमही लागू होतात व संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची मान्यता आवश्यक ठरते.

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ साली मांडलेली तीन तत्त्वे जगभर प्रमाण मानली जातात : शक्य तेथे प्राण्याऐवजी पर्याय वापरावा, प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवावी आणि त्यांना होणारा त्रास कमी होईल अशा रीतीने प्रयोगाची पद्धत सुधारावी. नॉकआउट उंदरांच्या बाबतीत दुसरे तत्त्व विशेष कठीण असते. चारांपैकी एकाच पिल्लात दोन्ही प्रती निकामी असल्याने उरलेल्या पिल्लांपैकी अनेकांचा प्रयोगात उपयोग होत नाही. सशर्त नॉकआउटमध्ये तर अनेक पिढ्यांचा संकर लागतो. यावर उपाय म्हणून तयार वाण गोठविलेल्या भ्रूणांच्या किंवा शुक्रपेशींच्या रूपात जतन करून संस्थांमध्ये वाटून घेतले जातात. २०११ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय उंदीर लक्षणरूप संघ प्रत्येक जनुकाच्या नॉकआउट वाणाची नोंद एकाच पद्धतीने करून ती सर्वांसाठी खुली ठेवतो, जेणेकरून तोच प्रयोग पुन्हा करावा लागू नये.

मानवी ऊतींपासून वाढविलेले सूक्ष्म अवयव आणि संगणकीय प्रतिमाने यांचा वापर वाढत आहे. तथापि एखादे विकर बंद केल्यावर अस्थिमज्जा, आतडे आणि मेंदू यांवर एकाच वेळी काय परिणाम होईल, हे पाहण्यासाठी अजूनही संपूर्ण प्राण्याची आवश्यकता भासते.

हेही पाहा

युबिक्विटिन
पी५३
जनुकसंपादन
अँजेलमन सिंड्रोम
राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र
हिंदुस्तान अँटिबायोटिक्स